मीठ, घाट आणि गोव्याची पत्रे

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारच्या राज्याच्या सीमा ठरल्या. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पूर्वेला पंढरपूर-विजापूरचा मुलूख आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा. आजचा बहुतेक सातारा जिल्हा, सांगली जिल्ह्यातला वाळवा, शिराळा, खानापूरकडचा बराच भाग आणि पूर्वेकडचा काही मुलूख एवढा हा पसारा. वर्षाचा वसूल सुमारे पंधरा लाखांचा. महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावर उभे राहिले आणि हवा स्वच्छ असली, तर कोकणापलीकडे समुद्राची रेघ दिसते. सरळ रेषेत ती सत्तर किलोमीटरही दूर नाही. पण तहाप्रमाणे राज्य कड्याच्या काठावरच संपत होते. ज्या घराण्याने सिंधुदुर्ग बांधला आणि आरमार उभे केले, त्याच घराण्याच्या वारसाला मिळालेल्या राज्यात एक बंदर नव्हते, एक मिठागर नव्हते. अशा राज्याला आज भूवेष्टित म्हणतात.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांची हकिगत आपल्याकडे बहुधा फितुरीची आणि अन्यायाची हकिगत म्हणून सांगितली जाते. बनावट कागद, कानभरणी करणारे कारभारी, गर्विष्ठ रेसिडेंट, काशीची हद्दपारी, लंडनमध्ये खेटे घालणारे रंगो बापूजी. हे सगळे घडले, यात शंका नाही. तरीही एवढ्यावर थांबले तर मुळातला प्रश्न निसटतो. १८३९ मध्ये महाराजांवर जे आरोप ठेवले गेले, त्यांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार केल्याचा आरोप का होता? दुसरा कुठलाही परका दरबार का नव्हे? माझ्या मते याचे उत्तर माणसांच्या स्वभावात जेवढे आहे, त्याहून अधिक नकाशात आहे. राज्याचा समुद्र, त्याचा बाहेरचा व्यापार आणि त्याचे परराष्ट्र संबंध या तिन्ही गोष्टी एकाच सत्तेच्या मुठीत गेल्या होत्या, आणि त्या मुठीबाहेर दक्षिण महाराष्ट्राला पोचता येईल असे एकच मोठे बंदर उरले होते. ते गोवा.

ही मूठ आवळायला साठ-सत्तर वर्षे लागली. त्याआधीचा काळ किती वेगळा होता हे दोन नोंदींवरून कळते. पहिली १६७१ ची. शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बजावले की पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते स्वराज्यातल्या मिठापेक्षा महाग पडेल. नाहीतर व्यापारी सगळे तिकडे वळतील आणि आपल्या मिठाचा धंदा बुडेल. आयात माल महाग करून घरचा उद्योग वाचवण्याचे हे धोरण आजच्या कुठल्याही व्यापार मंत्रालयाला ओळखीचे वाटेल. दुसरी नोंद १६७४ ची. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन व्यापाराच्या सवलती मागत होता. अडीच टक्के जकात भरून व्यापार करण्याची मुभा महाराजांनी दिली, पण किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत करण्याची मागणी मान्य केली नाही. अटी घालणारा कोण आणि विनंती करणारा कोण, हे तिथे स्पष्ट होते. हे शक्य झाले कारण किनारा ताब्यात होता. मिठावर जकात बसवायची तर मीठ जिथून येते ते नाके आपले असावे लागते.

किनारा गेला तो एका लढाईत नव्हे, तुकड्यातुकड्याने, आणि त्यातला पहिला मोठा तुकडा आपणच तोडून दिला. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार मोडले. आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते हे खरे, पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना पाण्यात अडवू शकणारे बळ त्या दिवशी जळाले. त्याच वर्षाच्या तहाने सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांकडे गेले. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्ग, सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांनी घेतले. चाचेगिरी थांबवण्याचे कारण दिले गेले. परिणाम असा झाला की कोल्हापूरचे राज्यही त्या वर्षी समुद्राला पारखे झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि उरलेले कोकण ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. आता मुंबईपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत जंजिऱ्याचे सिद्दी आणि कुलाब्याचे आंग्रे सोडले तर किनाऱ्यावर कंपनीखेरीज कोणी नव्हते, आणि ते दोघेही कंपनीच्याच छायेत होते.

म्हणजे सातारचे राज्य उभे राहण्याआधीच त्याची समुद्राकडची दारे बंद झाली होती. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा किल्ला इंग्रजांनी घेतला, कंपनीचा प्रतिनिधी एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढून छत्रपतींना राज्य देण्याचे आश्वासन दिले, आणि त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडून पेशवा बाजीरावाच्या छावणीतले छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. राज्य देण्यामागे एल्फिन्स्टनचा हिशेब उघड होता. पेशव्यांचा मुलूख सगळाच गिळला तर मराठा सरदार आणि शिपाई बिथरतील. छत्रपतींना गादीवर बसवले तर त्यांना एक आसरा मिळेल आणि पेशव्यांच्या नावाची ओढ कमी होईल. मुलूख किती द्यावा यावर बराच विचार झाला, आणि जो दिला तो घाटमाथ्यावर थांबला. कोकण मुंबईने स्वतःकडे ठेवले. मुंबईच्या दृष्टीने ते साहजिक होते, कारण मुंबई मुळात समुद्रावर जगणारे शहर होते. पण ज्या राज्याला माल विकायचा आणि मीठ आणायचे, त्याच्या दृष्टीने तीच रेघ निर्णायक ठरली.

तहाचे पाचवे कलम या रेघेइतकेच महत्त्वाचे आहे. छत्रपतींनी आपल्या अमलाखाली नसलेल्या कुठल्याही सत्तेशी, सरदाराशी, जहागीरदाराशी वा व्यक्तीशी संबंध ठेवायचा नाही. ठेवायचा असेल तर तो इंग्रजांच्या प्रतिनिधीमार्फत. सोयरीक जुळवायची असली तरी बोलणे त्याच्यामार्फत. आणि हे कलम म्हणजे कराराचा पाया. ते मोडले तर कराराने मिळालेले सर्व लाभ जातील, असेही त्यात लिहिले होते. त्या काळी तैनाती फौजेच्या तहांमध्ये परराष्ट्र व्यवहारावर बंदी नवी नव्हती. पण इथे ही बंदी इतक्या रुंद शब्दांत मांडली होती की शेजारच्या संस्थानाला पाठवलेले कुशलाचे पत्रही तिच्या जाळ्यात सापडू शकत होते. पहिली तीन-चार वर्षे तर कारभारच जेम्स ग्रँट पाहत होता. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक म्हणून आपण ज्याला ग्रँट डफ म्हणून ओळखतो, तोच हा. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती आला तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते.

आता या राज्याचा माल कसा ये-जा करत होता ते पाहू, कारण तहाच्या शब्दांचा खरा अर्थ घाटात कळतो. कऱ्हाडहून पाटण, हेळवाक करत वाट कुंभार्लीच्या घाटाने चिपळूणला उतरे. चिपळूणच्या जवळ गोवळकोटला वाशिष्ठीच्या खाडीत पडाव आणि मचवे लागत. तिथून दाभोळ, आणि दाभोळहून गलबतांनी मुंबई. वाईकडून आणि मेढ्याकडून महाबळेश्वरच्या डोंगरावरून पार घाटाने महाडला उतरता येई, आणि महाडहून सावित्रीच्या खाडीने बाणकोटला. या वाटांवर गाड्या चालत नव्हत्या. माल चाले तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. एका बैलावर दोन गोण्या, मधे जाड जीन, आणि अशा शेकडो बैलांचा तांडा. उतरताना गूळ, तंबाखू, मिरची, हळद, तूप, कापूस आणि धान्य. चढताना खडे मीठ, नारळ, सुकी मासळी, सुपारी आणि मुंबईहून आलेले कापड व तांब्या-पितळेचा माल. मृगाचा पाऊस लागला की घाट बंद. निसरड्या दगडावर लादलेला बैल घसरला तर माल गेलाच, बैलही गेला. म्हणून वैशाखातच वर्षाची मिठाची बेगमी करून ठेवायची. ज्या कुणब्याने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, त्याच्या भाकरीची चव समुद्रावर अवलंबून होती.

महाराजांना याची जाण होती असे त्यांच्या कामांवरून दिसते. त्यांच्या रोजनिशीत आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात त्यांचे जे चित्र उमटते ते स्वतः हिशेब तपासणाऱ्या, दप्तरावर बसणाऱ्या राजाचे. त्यांनी सातारा शहरात रुंद रस्ते पाडले, पेठा वसवल्या, पाण्याची सोय केली, शाळा काढली, छापखाना आणला. समुद्र नसलेल्या राज्याला सर्वांत आधी काय लागते? वाट. सातारहून महाबळेश्वरपर्यंत रस्ता करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि पुढे घाट उतरून महाडपर्यंतचा भाग इंग्रजांनी पाहायचा असे ठरले. गव्हर्नर जॉन माल्कमला महाबळेश्वरी थंड हवेचे ठिकाण हवे होते. १८२९ मध्ये महाराजांनी ते डोंगरावरचे रान कंपनीला दिले आणि बदल्यात वाई प्रांतातले खंडाळा गाव घेतले. महाबळेश्वरी माल्कमच्या नावाने पेठ वसली. हा सौदा मैत्रीचा म्हणून झाला आणि त्या वेळी तो तसाच होताही. पण नकाशावर पाहिले तर राज्याच्या पश्चिम कडेचा तो माथा, जिथून कोकणात उतरणारी एक मुख्य वाट जाते, तोच कंपनीकडे गेला. बाणकोट आणि महाड आधीच कंपनीचे होते. आता वाटेचे वरचे टोकही तिचे झाले.

राज्याच्या आतही व्यापाराचा मार्ग सरळ नव्हता. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट हे जहागीरदार महाराजांच्या नावाखाली पण इंग्रजांच्या हमीखाली होते, आणि तहातल्या सातव्या कलमावरून त्यांच्याशी सतत वाद होत. जकातीची जुनी पद्धत अशी की माल जिथे भरला तिथे थळभरीत, जिथे विकायला फोडला तिथे थळमोड, आणि नुसता हद्दीतून गेला तरी वाटेवरची जकात. दर काही कोसांवर नाके. हा व्यापाराला जाच होता यात शंका नाही. कंपनीने आपल्या मुलखात बंगालमध्ये १८३६ मध्ये आणि मुंबई इलाख्यात १८३८ च्या कायद्याने वाटेवरच्या जकाती बंद केल्या, तेव्हा व्यापारी खूश झाले. पण त्या जकातींमुळे येणारे उत्पन्न कंपनीने सोडून दिले नाही. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मीठ तयार होते तिथेच मणामागे आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो रुपया करण्याचा प्रयत्न झाला, सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि मग तो बारा आण्यांवर आणला गेला.

इथे समुद्र असलेल्या आणि नसलेल्या राज्यातला फरक उघडा पडतो. वाटेवरची जकात सातारच्या मुलखात सातारची होती. नाके महाराजांचे, शिपाई महाराजांचे, पैसा महाराजांच्या खजिन्यात. मिठागरावरचा कर मात्र कोकणात वसूल होई आणि तो भरे कऱ्हाडचा, वाळव्याचा, खटावचा खाणारा. मीठ विकत घेताना त्याच्या किमतीत तो कर आधीच मिसळलेला असे. सातारच्या प्रजेने मुंबई सरकारला कर दिला, आणि त्या कराचा दर ठरवताना सातारच्या दरबाराला कोणी विचारले नाही. परक्या किनाऱ्यावर बसलेला कर भूवेष्टित देशाची प्रजा कसा भरते याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. १६७१ मध्ये बारदेशच्या मिठावर जकात बसवणारे राज्य आणि १८३७ मध्ये मुंबईचा मीठकर निमूट भरणारे राज्य एकाच घराण्याचे होते.

यावर एक हरकत घेतली जाईल, आणि ती वजनदार आहे. कंपनीने पेंढारी मोडले, घाटवाटा सुरक्षित केल्या, रस्ते बांधले, जाचक नाकी उठवली; मग व्यापाऱ्याचे आणि शेतकऱ्याचे नुकसान काय झाले? खरेच, १८२० नंतर लमाणाच्या तांड्याला लुटारूंची धास्ती कमी झाली आणि मुंबईच्या बाजारात देशावरच्या मालाला मागणी वाढली. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण मी जो प्रश्न विचारतो आहे तो व्यापार वाढला की घटला हा नाही. व्यापाराच्या अटी ठरवण्याचा हक्क कोणाकडे होता, हा तो प्रश्न आहे. वाढता व्यापार आणि घटता अधिकार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, आणि सातारला तसेच झाले. जो हक्क आज उपयोगी वाटत नाही तो उद्या अडचणीच्या वेळी किती मोलाचा असतो, हे नेपाळला १९८९ मध्ये कळले. भारताबरोबरचे व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, सीमेवरची दोन सोडून बाकी नाकी बंद झाली, आणि काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. नेपाळकडे निदान तक्रार मांडायला जग होते. समुद्र नसलेल्या देशांना समुद्रापर्यंत वाट मिळावी हे तत्त्व १९२१ च्या बार्सिलोना करारापासून कागदावर तरी आले होते. सातारला तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच रेसिडेंटमार्फत करायची होती.

दुसरी हरकत अशी की सातारा हा देश नव्हताच. ते इंग्रजांनी दिलेले संस्थान होते, मग परराष्ट्र धोरणाची भाषा कशाला? त्या काळीही हा वाद झाला. पण कंपनीने प्रतापसिंहांशी तह केला, जहागिरीची सनद दिली नाही. तहाला दोन पक्ष असतात. लंडनच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये भागधारकांच्या सभेत याच मुद्द्यावर भाषणे झाली, आणि सातारचे तीन माजी रेसिडेंट, ब्रिग्ज, रॉबर्टसन आणि लॉडविक, महाराजांची बाजू घेऊन बोलले. महाराज दुय्यम होते, हे खरे. दुय्यम सत्तेलाही हक्क असतात आणि ते करारातच लिहिलेले असतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

समुद्र नसलेल्या शेजारच्या सांगली संस्थानाची वाट याच काळात जरा वेगळी गेली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळे होऊन सांगली वसवली. किल्ला, पेठा आणि गणपतीचे मंदिर उभे करून त्यांनी व्यापारी बोलावले. १८१९ मध्ये इंग्रजांशी तह झाला तेव्हा पेशव्यांखेरीज दुसऱ्याची चाकरी करण्याची त्यांची तयारी नव्हती. सैन्य पाठवण्याऐवजी त्यांनी सव्वा लाखाहून अधिक उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. संस्थानही एकसंध नव्हते: सांगली, तेरदाळ, शिरहट्टी, बेळगावला लागून असलेले शहापूर असे तुकडे, प्रत्येकाभोवती दुसऱ्याची हद्द. तरीही ते १९४८ पर्यंत टिकले आणि सातारा १८४८ मध्येच संपले. चिंतामणरावांनी मान राखण्यासाठी मुलूख मोजला आणि बाहेरच्या राजकारणापासून दूर राहिले, हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सांगली छत्रपतींची नव्हती. तिच्या नावाने कोणी मराठी मुलखाला हाक देईल अशी भीती मुंबईला वाटण्याचे कारण नव्हते. सातारच्या गादीबद्दल ती भीती कायम होती, आणि बंदर नसलेल्या राज्याने बंदर असलेल्या परक्या सत्तेकडे पाहिले आहे अशी नुसती कुजबुजसुद्धा त्या भीतीला पुरे होती.

१८३५ मध्ये कंपनीच्या संचालकांनी प्रतापसिंहांच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र आणि मानाची तलवार मंजूर केली. ती त्यांच्या हाती पडलीच नाही. १८३६ मध्ये २३ व्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा आरोप आला. मुंबईच्या गव्हर्नरने, सर रॉबर्ट ग्रँटने, तीन जणांचे गुप्त कमिशन नेमले: रेसिडेंट लॉडविक, सरकारी सचिव विलोबी आणि पुढे रेसिडेंट झालेला ओव्हान्स. महाराजांना आरोपांची प्रत मिळाली नाही, साक्षीदारांची उलटतपासणी करता आली नाही. ओव्हान्सच्या काळात पुरावा गोळा करण्याचे काम वाढत गेले, आणि त्यात आणखी दोन आरोप पुढे आले. एक, जोधपूरला आश्रय घेतलेल्या नागपूरच्या माजी राजाशी, आप्पासाहेब भोसल्यांशी संधान. दुसरा, गोव्याचे गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांच्याशी अनेक वर्षांचा पत्रव्यवहार. संकेश्वरच्या स्वामींचे नाव मध्यस्थ म्हणून घेतले गेले. पोर्तुगालहून मोठी फौज आणून इंग्रजांना घालवायचे आणि मराठी राज्य पुन्हा उभे करायचे, असा बेत होता म्हणे.

हा आरोप काळाच्या कसोटीवर तपासून पाहा. १८२८ ते १८३४ पोर्तुगालमध्ये दोन भावांच्या पक्षांत यादवी युद्ध चालू होते. लिस्बनला स्वतःचे सिंहासन सांभाळणे कठीण झाले होते. गोव्यात १८३५ च्या जानेवारीत बेर्नार्दो पेरिस द सिल्व्हा हे पहिले गोमंतकीय गव्हर्नर झाले आणि अवघ्या काही दिवसांत लष्करी बंडाने त्यांना हाकलून लावले. अशा गोव्याकडून हजारोंची युरोपीय फौज येणार, यावर १८३० च्या दशकातला जाणता राजा विश्वास ठेवील हे पटत नाही. पुढे दों मानुएलच्या नावाने हा पत्रव्यवहार नाकारणारे निवेदनही लंडनच्या वादात मांडले गेले. पुराव्यातले काही कागद पैसे मोजून मिळवलेले होते. हे सगळे बनावट होते, असे मी छातीठोक म्हणणार नाही. गोव्याकडे एखादे पत्र, एखादा निरोप गेला असेलही. पण पत्र पाठवणे आणि युद्धाचा कट करणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते पाचव्या कलमाने पुसून टाकले होते. त्या कलमाच्या भाषेत दोन्ही गुन्हे सारखेच.

आणि आरोप गोव्याचाच का, याचे उत्तरही इथेच आहे. मुंबईच्या अधिकाऱ्यांना एकच चित्र भिववत होते: आपल्या किनाऱ्याच्या साखळीत जी एक कडी आपली नाही, तिच्यातून देशावरच्या एखाद्या सत्तेला जगाशी बोलता येईल. गोव्याचा घाट, बेळगावची वाट, तिथून कृष्णाकाठ. हा व्यापाराचा मार्ग होता, म्हणून राजकारणाचाही होऊ शकत होता. खरे किंवा खोटे, कुठलेही कारस्थान लोकांना पटेल असे रचायचे तर ते याच मार्गावर रचावे लागले असते.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये नवा गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कार्नॅक सातारला आला. त्याने महाराजांपुढे एक कागद ठेवला. तह मोडल्याची कबुली त्याच्या मजकुरात गृहीत धरलेली होती. पुढे १८१९ चा तह काटेकोर पाळावा, जहागीरदारांना हात लावू नये, भाऊ आप्पासाहेबांना हवे तिथे राहू द्यावे आणि बळवंतराव चिटणीसांना काढून टाकावे अशा अटी होत्या. सही केली तर गादी राहील. कटाचा आरोप जर खरोखर गंभीर वाटला असता तर माफीचा हा देकार आला नसता, असे मला वाटते. महाराजांनी सही नाकारली. पुन्हा भेट झाली, पुन्हा नाकारली. निर्दोष असताना दोषाची कबुली द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट त्या राज्यात अजून पूर्णपणे त्यांच्या हाती होती. ५ सप्टेंबरच्या पहाटे त्यांना पदच्युत करून वाड्यातून बाहेर काढण्यात आले आणि पुढे काशीला नेण्यात आले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी ते तिथेच वारले.

गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब इंग्रजांच्या मर्जीने वागले. सतीची चाल बंद केली, पूल बांधले. सांगितले ते केले, मागितले ते दिले. ५ एप्रिल १८४८ रोजी ते दत्तक घेऊन वारले, आणि तो दत्तक नामंजूर झाला. गव्हर्नरपदावरून त्याच सुमारास गेलेल्या जॉर्ज क्लार्कने खालसा करण्याला विरोध नोंदवला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने आपल्या टिपणात जी कारणे दिली त्यांत एक असे की हा मुलूख आपल्याच मुलखाच्या मधोमध पडलेला आहे आणि इलाख्याच्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या दरम्यान येतो. म्हणजे पुणे आणि बेळगाव. सातारच्या भूगोलाची ही दुसरी बाजू. समुद्राकडे जायला सातारला दुसऱ्याची वाट हवी होती, पण पुण्याहून दक्षिणेत जायला मुंबईलाही सातारची वाट हवी होती. बरोबरीच्या दोन सत्तांमध्ये अशी परस्परांची गरज म्हणजे वाटाघाटीचे बळ. मला वाट दे, मी तुला देतो. सातारला हे बळ कधी वापरता आले नाही, कारण बोलणे करण्याचा हक्कच तहाने काढून घेतला होता. मधोमध असणे हे आधी अडचणीचे झाले आणि शेवटी खालसा होण्याचे कारण झाले.

रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे काढली. सातारचा वकील म्हणून त्यांनी भागधारकांपुढे अर्ज मांडले, पत्रके छापली, सभासदांची दारे ठोठावली, कर्ज झाले. १८५३ च्या शेवटी ते परत निघाले तेव्हा ज्या राज्याची वकिली करत होते ते राज्यच उरले नव्हते. १८५७ मध्ये साताऱ्यातला उठावाचा बेत फुटला, रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कोणाला सापडले नाहीत, आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता.

व्यापाराची गोष्ट यानंतरही चालू राहिली. डिसेंबर १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मुरगावचे बंदर आणि तिथून घाटावर येणारी रेल्वे हा त्याचा एक भाग. दुसरा भाग असा की गोव्याच्या मिठागरांवरचे नियंत्रण इंग्रज सरकारकडे आले. बारदेशच्या ज्या मिठाला शिवाजी महाराजांनी जकातीने अडवले होते, ते मीठ आता मुंबईच्या मीठकराखाली गेले, आणि देशावर कराविना येऊ शकणारे मीठ थांबले. पुढच्या दहा-बारा वर्षांत पुणे-मिरज रेल्वेमार्ग पुरा झाला. कऱ्हाड-सांगलीचा गूळ आणि हळद घाट उतरण्याऐवजी डब्यांतून मुंबईला जाऊ लागली, चिपळूणच्या खाडीत येणारे पडाव कमी झाले आणि कुंभार्लीवरचे तांडे विरळ होत गेले. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवली जात राहिली. सांगलीच्या पेठेत त्या हळदीचे जे वाण सर्वांत जास्त बोलले जाते, त्याचे नाव अजून राजापुरी आहे. राजापूर हे घाटाखालचे जुने बंदर.